फाळका मी धुतला

मधुभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. सकाळचे दहा वाजले असतील. पलीकडून प्रमोद, त्यांचा मुलगा, अकोल्याहून. "मोठ्याई, बाबा गेले," एवढंच म्हणाला. मागे रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न वाजत होते. अशा वेळी माणसाने काय बोलावं? मी बोलले, "असे कसे गेले? मी संक्रांतीनंतर येनार होती ना!" जणू त्याच्या बापाने माझी एसटी चुकवली. फोन ठेवला आणि रडू यायच्या आधी मला संताप आला. मधुभाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझी एक चूक त्यांनी मला न विचारता उचलून स्वतःच्या अंगावर घेतली. या खेपेला अकोल्याला जाऊन, चारचौघांत, त्यांच्या समोर बसून ती परत घ्यायची, असं मी ठरवलं होतं. आता कोणाच्या समोर बसू? म्हणून हे लिहायला घेतलंय. मी काही लेखिका नव्हे. माझी शाळा दुसरीतच सुटली. वाचायला शिकले ते ट्रकच्या फाळक्यावर, आणि ही गोष्टही त्या फाळक्याचीच आहे.

आधी भाऊजी कसे होते ते सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते फिटर होते. जिनिंग बंद पडलं तेव्हा पान्यांची पेटी खांद्यावर टाकून ते मोर्शीजवळच्या आमच्या गावी परत आले, आणि त्या दिवसापासून गावात कोणाची कुठली वस्तू मोडली की त्यांचा हात शिवशिवायचा. "त्याच्यात काय हाय, आपन करू ना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझी शिलाई मशीन त्यांनी दुरुस्त केली, ती त्यानंतर उलटीच शिवायची. मी तशीच शिवायला शिकले. एकदा मी माहेरून येईपर्यंत त्यांनी माझ्या अंगणाच्या मधोमध खड्डा खणून लिंबाचं झाड लावलं होतं, का तर मला लोणचं आवडतं म्हणून. वाळवण कुठं घालू, असं विचारलं तर म्हणाले, "झाडाले लिंबं लागली का मंग सांगा." घरात कोणी आजारी पडलं की बोलवायच्या आधी दारात उभे. दवाखान्यात रात्रभर बाकड्यावर बसतील, पण रोग्याला विचारणार नाहीत की बाबा, तुला काय पाहिजे. विचारणं हा प्रकारच त्या माणसाला ठाऊक नव्हता. करायचं आणि मोकळं व्हायचं. माया भरपूर, पण तीही अशीच, न विचारता अंगावर ओतलेली.

आमचे हे, म्हणजे शालिकराम, त्यांचे थोरले भाऊ. यांचा सहाचाकी ट्रक होता, आधीच्या दोन मालकांनी पुरता दमवलेला. आमच्या भागातली संत्री भरायची आणि अकोल्याच्या, कधी अमरावतीच्या बाजारात न्यायची. मीही पुष्कळदा सोबत असे, मालावर नजर ठेवायला. लिलावाला वेळ लागे आणि गाडी तासन्‌तास उभी राही. मला अक्षरं ओळखू यायची पण जुळायची नाहीत. औषधाच्या बाटलीवरचं वाचायलाही शेजारणीकडे जावं लागे, याची मला फार चीड यायची. एक दिवस यांनी युसूफभाईंकडून ब्रश मागून आणला. युसूफभाई अकोल्याचे पेंटर, ट्रकवर नावं आणि फुलं काढणारे. आमच्या गाडीवरचं बाहेरचं सगळं लिखाण त्यांच्याच हातचं. ते म्हणाले, "ला शालिक, मैं लिख देता हूँ. तेरे अक्षर तो मुर्गी के पंजे हैं." हे म्हणाले, "नाई चाचा, हे माह्यंच काम हाय." आणि फाळक्याच्या आतल्या बाजूला यांनी पिवळ्या ऑइलपेंटने माझ्यासाठी मुळाक्षरं लिहिली. फाळका म्हणजे ट्रकच्या मागची ती चार आडव्या फळ्यांची झडप, माल उतरवताना खाली सोडतात ती. पुस्तकातलं कमळ आम्ही कुठं पाहिलेलं! आमचा क कांद्याचा, ख खुरप्याचा, ग गोणीचा, घ घमेल्याचा. च चाकाचा, ज जॅकचा, ट टायरचा, ठ ठेच्याचा, ड डिझेलचा. ण ला काही सुचेना, म्हणून नुसता ण आणि पुढे मोकळी जागा. खालच्या फळ्यांवर त ताडपत्रीचा, प पंक्चरचा, भ भाकरीचा, स संत्र्याचा. आणि सगळ्यांत खाली, चौथ्या फळीच्या टोकाला, माझ्या नावाने दोनच शब्द: 'कौसल्या वाचते.' लिहिलं तेव्हा मला ते वाचता येत नव्हतं. ज्या दिवशी आलं त्या दिवशी अकोल्याच्या बाजारात, हमालांच्या देखत, मी ते मोठ्याने वाचलं. हे दुसरीकडे तोंड करून बिडी पेटवत राहिले... काडी तीनदा विझली.

हे गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती. छातीत कळ आली आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. त्याच्याच मागेपुढे ती वाईट वर्षं लागली. बोअर आटले, संत्र्याच्या बागा उभ्याउभ्या वाळल्या, लोक हाताने लावलेली झाडं जळणासाठी तोडू लागले. कपाशीवर अळी अशी की फवारून माणूस थकावा आणि अळीने थकू नये. मालच नाही तर ट्रकला काम कुठून? तो आमच्या अंगणाबाहेर कडुनिंबाखाली उभा राहिला. मी दुपारी फाळका खाली सोडायची, त्याच्या पुढ्यात खाट टाकायची आणि तिथंच भाजी निवडायची, तिथंच जेवायची. यांचा फोटो मी भिंतीला लावला नव्हता. मला तो फाळका पुरे होता.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी पद्मा, माझी मुलगी, अकोल्याला टायफॉइडने पडली. मी पंधरा दिवस तिच्याकडे. दिवाळीनंतर गाडीचं अमरावतीला पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी होती, आणि ज्यांच्या बागा वाचल्या होत्या त्यांची थोडीफार आंबिया बहराची, म्हणजे त्याच सुमारास तोडणीला येणारी संत्री वाहायला मिळतील अशी आशा होती. भाऊजींनी ठरवलं, वयनी येईपर्यंत गाडी नवी करायची, दसऱ्याच्या पूजेला नव्या रंगात उभी करायची. हेतूला मी कधीच नाव ठेवलं नाही. पण रंग मारायचा कशाने? पेंटरकडचं हवेचं मशीन कोणाकडे होतं! घरी पाठीवर अडकवायचा फवारणीचा पंप होता, कपाशीला औषध मारायचा. कपाशी मोडून टाकलेली, म्हणून पंप रिकामा. "फवारा तं फवारा हाय, औषध काय आन् रंग काय!" फाटकाचा उरलेला हिरवा, कोणाकडून तरी आणलेला निळा, दोन्ही एकत्र कालवले आणि नळीतून उतरावा म्हणून त्यात बदाबदा राकेल. पंप पाठीला लावला, आणि ज्या चालीने कपाशीची ओळ फवारायची त्याच चालीने, एका अंगाने जात, दुसऱ्या अंगाने येत, त्यांनी ट्रक फवारला. ना धुतला, ना घासला. धुळीवरून, ग्रीसवरून, चिमण्यांच्या विष्ठेवरून. काचेच्या रबरावर, टायरवर, नंबरप्लेटवर, जवळ बांधलेल्या शेळीच्या पाठीवर. फाळका मी जाताना खाली सोडलेलाच होता. तोही फवारला... दोन हात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी एसटीतून उतरून घरी आले, तर भाऊजी झेंडूची माळ घेऊन ट्रकपुढे उभे. रंग कसला म्हणून सांगू? विहिरीतल्या शेवाळाला आजार झाला तर कसं दिसेल, तसा. जागोजाग ओघळ, आणि ओघळांत उडून चिकटलेला निंबाचा पाला. वर पंप नीट धुतला नव्हता, म्हणून सगळ्या गाडीला कीटकनाशकाचा वास.

"कशी वाटली, वयनी? नवरीवानी दिसून राहिली का नाई? आन् एक गंमत पाहा, माशी बसत नाई गाडीवर!"

मी मागे गेले. फाळका सपाट, शेवाळी. मी त्याच्यावरून हात फिरवला तर हात चिकटला.

"भाऊजी, हे काहून रंगोलं?"

"उघडा होता ना, म्हनून... अन् जुनंच झालं होतं वयनी ते. अर्धं तं उडालं होतं."

"मले विचारलं का?"

"तुमी अकोल्याले होत्या."

"तिथं फोन नोता?"

"मंग तुमाले आश्चर्य कसं वाटलं असतं?"

"वाटलं ना. लय वाटलं," मी म्हटलं. "मधुकर, तुमच्या भावाले आपन एकडाव जाळलं होतं. तुमी आज दुसऱ्यांदा जाळलं."

दिराला मी नावाने हाक मारली ती आयुष्यात तेवढीच. ते माळ हातात धरून उभेच राहिले. दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या गाड्यांना हळदकुंकू लागलं, नारळ फुटले, आमची तशीच उभी. मी पूजेचं ताट बाहेर नेलं नाही.

सीमोल्लंघनाचं सोनं वाटून झाल्यावर लोक भेटीगाठी घेत फिरतात. भाऊजी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने अकोल्याला गेले आणि युसूफभाईंना घेऊन आले. युसूफभाईंनी ट्रकला एक फेरी मारली, नखाने रंग खरवडला, नाकाशी नेला. मग म्हणाले, "मधुकर, गाड़ी को कौन से कीड़े लगे थे?" मग त्यांनी फाळक्याच्या कोपऱ्यात चिंधीवर दोन थेंब थिनर घेऊन जरासं पुसलं, आणि शेवाळाखालून पिवळी रेघ डोकावली. मी वाकून जवळून पाहिलं. ते म्हणाले, "भाभी, ऊपर का कच्चा है, राकेलवाला, बिना घिसाई का. नीचे शालिक का पक्का तेल-रंग, बरसों की धूप खाया हुआ. ऊपरवाला पहले छूटेगा. मगर हाथ हल्का. हथेलीभर जगह लो, दो बार गीला कपड़ा, तीसरी बार सूखा. चौथा हाथ फेरा तो शालिक भी छूट जाएगा." बाहेरच्या त्यांच्या फुलांचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, "मेरा जाने दो. मैं फिर लिख दूँगा. उसका अब कौन लिखेगा?"

मग आम्ही कामं वाटून घेतली. बाहेरचा पत्रा माझ्याकडे, फाळका भाऊजींकडे. मला राग काढायला पत्रा बरा वाटला होता, पण त्या रंगाने माझाच जीव काढला. वरून सुकलेला, आतून ओला. काचपेपर घासला की त्याचा डिंक व्हायचा, कागद दोन मिनिटांत भरून गुळगुळीत. खरवडणी लावली तर साय निघावी तशी सुरकुती निघायची, पण तळाला चिकटलेलंच. उन्हात मऊ, सावलीत कडक, आणि पहाटे दवाने पुन्हा चिकट. नखांत रंग, केसांत रंग, भाकरीला थिनरचा वास. पाच दिवस घासून एका दरवाजाचा अर्धा भाग निघाला, तोही असा की खरजेचं कुत्रं बरं. रोज मी कोणाला ना कोणाला शिव्या द्यायची. रंगाला, पंपाला, त्या अळीला, जिनिंगच्या मालकाला. भाऊजींशी मात्र बोलायचीच नाही, कामापुरतं सोडून.

आणि ते? रोज आंघोळ करून, रिकामी पेटी पालथी घालून फाळक्यापुढे बसायचे. जुन्या बनियनची चिंधी, वाटीत थिनर. दोन हात ओले, एक सुका. श्वास धरून. एक अक्षर निघालं की उठायचे. "आज झाला क. उद्या ख." दिवसाला एक! दुसरं घ्या म्हटलं तर म्हणायचे, "हात भरून येते वयनी, मंग दाबल्या जाते. घाईनंच तं घोटाळा झाला ना." ज्या माणसाने अख्खा ट्रक एका सकाळी फवारला तो आता मला धीर शिकवत होता. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मला काही कांदा आणि खुरपं नको होतं. मला खालची ओळ पाहिजे होती. मी म्हटलं, "शेवटून काढा ना भाऊजी. पहिले ते दोन शब्द काढा." तर म्हणे, "नाई जमत. वरून थिनर वघळते. खालचं पहिले काढलं तं वरचा वघळ त्याच्यावर येईन अन् ते बी जाईन." बरोबरच होतं त्यांचं, म्हणून तर जास्त राग आला. ङ आणि ञ यांनी लिहिलेलेच नव्हते, तरीही ण पर्यंत यायला तेरा दिवस लागले. वरच्या दोन फळ्या लखलखीत. खालच्या दोन शेवाळी. आणि पासिंगला आठ दिवस उरलेले.

चौदाव्या दिवशी भाऊजी कागदपत्रांसाठी अमरावतीला गेले. मी एकटी मडगार्डशी झुंजत होते. रस्त्याने जाणारा एक ट्रकवाला थांबला, हसला आणि म्हणाला, "काकू, कॉस्टिक लावा. पाच मिनिटांत साफ." कॉस्टिक सोडा माझ्या घरात होताच, आम्ही बाया घरी कपड्यांचा साबण करायचो. बादलीत कालवला, मडगार्डवर ओतला आणि काय सांगू... रंग उकळल्यासारखा फुगला आणि पाण्याबरोबर खाली! खाली पांढरा पत्रा. अकोल्याहून आल्यापासून मला पहिल्यांदा हसू आलं. त्याच हसण्यात मी बादली घेऊन मागे गेले. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की युसूफभाई म्हणालेत, खालचं पक्कं आहे. संध्याकाळी भाऊजी येतील तेव्हा खाटेवर बसून मी वाचत असेन, 'कौसल्या वाचते', आणि म्हणेन, बघा, तुमचा महिना मी एका घटकेत उरकला. मडगार्डवरचा जुना रंगसुद्धा निघून पत्रा दिसत होता, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहून समजून घ्यायला मला सवड नव्हती.

तिसऱ्या आणि चौथ्या फळीवर मी ती बादली ओतली आणि उघड्या हाताने, काथ्याने चोळायला लागले. पहिलं पाणी शेवाळी आलं. चोळलं. मग पाणी पिवळं आलं. मला वाटलं, लाकडाचा मळ असेल. अजून चोळलं. पिवळं पाणी फाळक्यावरून माझ्या पायांवर आलं, पायांवरून मातीत गेलं. मग स्वच्छ पाणी आलं... आणि खाली नुसतं लाकूड. ताडपत्री, पंक्चर, भाकर, संत्रं, मी. काही नाही.

दुपारीच भाऊजी आले तेव्हा मी तिथेच खाली बसलेली होते. त्यांनी फाळका पाहिला, बादली पाहिली, माझे हात पाहिले. हात सुजून लाल झाले होते, साल निघाली होती. मला तोवर कळलंही नव्हतं. "पहिले हात," एवढंच म्हणाले. हातपंपावर नेऊन किती वेळ पाणी मारत राहिले, मग ताकात हात बुडवून ठेवायला लावले. एक शब्द विचारला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्यांना नको ते बोलले होते ना!

दुसऱ्या दिवशी युसूफभाई आपणहून आले, बाहेरची फुलं कुठं काढायची त्याची मापं घ्यायला. शेजारचे दोघं-तिघं सोबत. फाळक्यापुढे येऊन थबकले. "ये किसने किया?" मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "म्या केलं, चाचा. कॉस्टिक टाकलं. पासिंगची घाई झाली. वयनी वाचवाले धावल्या, तं त्यायचे हात भाजले." युसूफभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "मैं समझा था तू अनाड़ी है. तू तो खुद कॉस्टिक है रे!" शेजारचे फिसकन हसले. आणि मी उघडलेलं तोंड मिटलं.

का मिटलं, ते खरं सांगते. लाज वाटली म्हणून नव्हे. त्या क्षणी मला बरं वाटलं. वाटलं, भोग आता, सुरुवात तुझीच होती. दोन दिवसांनी ती धग उतरली, तर तोवर गावभर झालेलं. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं, मग पुढच्या वर्षी. खोटं बोलायला एक वाक्य पुरतं. खरं सांगायचं म्हटलं की आधी मागचं सगळं उपसावं लागतं.

युसूफभाईंनी गाडी ब्रशने साधी रंगवून दिली, पासिंग झालं, चार-पाच वर्षं गाडी चाललीही. विकली तेव्हा भाऊजींनी दुसरा फाळका बसवून हा उतरवून माझ्या ओसरीत आणून ठेवला. यावेळीही विचारलं नाही, पण बरोबर केलं. पुढे ते प्रमोदकडे अकोल्याला राहायला गेले, पण नाव त्यांच्या आधी तिथं पोचलेलं. कॉस्टिककाका. कुठल्याही लग्नात पंगत बसली की कोणीतरी सुरू करायचं, "काका, एवढा डाग काढून द्या ना शर्टाचा," की सगळे हसायचे, आणि "काढतो ना, पन शर्ट राहीन याची गॅरंटी नाई," असं म्हणून भाऊजी सर्वांत मोठ्याने हसायचे. मी ताटात बघत बसायची. नात्यातल्या बाया मला जास्तीचा लाडू वाढायच्या, 'बिचारीचा नवऱ्याचा ठेवा गेला, तरी दिराला एका शब्दाने बोलली नाही.' तो लाडू कसा गिळायचा, सांगा मला!

एकदा, एकदाच, मी विषय काढला. रिद्धपूरला ओळखीतल्या एकांकडे लग्नाला चाललो होतो, एसटीत शेजारी बसलो होतो. मी म्हटलं, "भाऊजी, आज मी सांगून टाकते सगळ्यायले." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काहून? तुमी त्या फाळक्याजवळ जेवत होत्या. लोकायनं तुमाले बोललं असतं तं तुमी जेवल्या नसत्या. माह्यं काय, मी कुठं बी जेवतो." मी म्हटलं, "पन मले विचारलं का?" तर हसले. "नाई. तिकीट काढलं का तुमचं? म्या काढलं." झालं! तिकीटही काढून ठेवलेलं. माझ्या अंगणात लिंब लावणारा, माझा ट्रक फवारणारा आणि माझी चूक पळवणारा माणूस एकच होता, आणि कशालाच मी हो म्हटलेलं नव्हतं. पहिल्या दोनसाठी मी त्यांच्याशी भांडले. तिसऱ्यासाठी भांडायला तोंड उरलं नव्हतं.

तेरवीला अकोल्याला गेले. मनाशी पक्कं करून गेले. गच्चीवर मांडव, ऐंशी ओलांडलेले युसूफभाई खुर्चीवर, ऐकायला कमी येतं पण डोळा अजून ब्रशच्या टोकासारखा. जेवणं झाली, माणसं जरा सैलावली, आणि कोणीतरी डोळे पुसत कॉस्टिकचा किस्सा काढलाच. मी उभी राहिले. म्हटलं, "ऐका. तो फाळका भाऊजीनं नाई, म्या धुतला. ते तं त्या दिवशी अमरावतीले होते. कॉस्टिक माह्यं, बादली माही, हात माहे."

मग प्रमोद उठून आला आणि माझ्या पाया पडला. "मोठ्याई, किती मोठं मन हाय तुमचं. बाबा गेल्यावर बी त्यायच्या नावावर डाग राहू देत नाई." बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या. मी ओरडले, "अरे, मन नाई, खरं सांगून राहिली मी!" युसूफभाईंजवळ गेले, त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा सांगितलं. ते माझा हात हातात घेऊन म्हणाले, "भाभी, उसने मेरे मुँह पे कबूल किया था. मैंने अपने कानों से सुना. आप क्यों अपने सर लेती हो?" मी दोन्ही तळहात त्यांच्यापुढे धरले. सालपटं गेलेली ती गुळगुळीत, बिनरेघांची कातडी. म्हटलं, "हे पाहा ना चाचा, हे कशाचं?" त्यांचे डोळे भरून आले. "मालूम है. बचाने दौड़ी थीं आप."

काय करू अशा माणसाचं? खोटं बोलला तेही असं पक्कं, की माझे भाजलेले हातसुद्धा त्याच्याच बाजूने साक्ष देतात.

म्हणून हे छापायला पाठवतेय. छापील गोष्टीवर तरी लोक विश्वास ठेवतात म्हणे. फाळका ओसरीत भिंतीला टेकवून ठेवला आहे. वरच्या दोन फळ्यांवर कांद्यापासून त्या मोकळ्या ण पर्यंत सगळं आहे, एक रेघ तुटलेली नाही. तेरा सकाळी श्वास धरून काढलेलं. खालच्या दोन फळ्या कोऱ्या. मी अजून त्याच्यासमोर बसूनच जेवते. काल गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाने ते पाहिलं आणि विचारलं, "आजी, वरचं एवढं चांगलं हाय, खालचं कोनं खराब केलं?" मला इतका आनंद झाला! या माणसाला भाऊजी माहीत नाहीत, कॉस्टिककाका माहीत नाही, काहीच माहीत नाही. मी म्हटलं, "म्या केलं, बावा. म्या एकटीनं."

त्याने मान डोलावली. "अन् वरचं?"

"ते माह्या दिरानं काढलं," मी म्हटलं, आणि त्याला बसायला सांगून चहा ठेवायला आत गेले.